भरतातलं मीठ

निवृत्तीनंतर पुन्हा कुणाला नापास करायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण विद्यापीठाने लष्करी अधिकाऱ्यांचा एक अभ्यासक्रम तपासायच्या समितीत मला घेतलं आणि जुनी खोड उफाळून आली. भूदल, नौदल, हवाई दल, तिन्हींचे अधिकारी त्यात एकत्र शिकत. आम्ही मान्यता दिली तरच त्यांना पदवी मिळणार होती. संचालक नौदलातले, महिनाअखेर निवृत्त होणारे. मान्यता पदरात घेऊनच घरी जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

साक्रीकडच्या गावांना टंचाईत पाणी पोचवायचा आराखडा अधिकाऱ्यांनी दलवार गट करून धुळ्यात मांडला. इतका देखणा, की आमच्या समितीने माना डोलावल्या. तिथून मी सगळ्यांना अमळनेरजवळ भावाच्या शेतात भरीत खायला नेलं. आम्ही पोचताच भाऊ म्हणाला, "आठे कोनी पाहुना नही. बठ्ठा कामले लागा."

सगळेच कामाला लागले. भूदलाने कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून सोलली, नौदलाने लाकडी बडगीत ठेचली, हवाई दलाने फोडणी दिली. पहिल्याच घासाला माझं तोंड वाकडं झालं. सोलताना भूदलाने मीठ भुरभुरलं होतं, ठेचताना नौदलाने, फोडणीत हवाई दलाने. कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. सगळे हसत सुटले. मला मात्र राग आला, आणि शंकाही.

दुसऱ्या दिवशी मी तिन्ही दलांच्या टँकरचे मार्ग एकाच नकाशावर काढायला लावले. आराखड्यात सगळे टँकर आठवडी बाजाराच्या एकाच गावात जात होते. डोंगरावरच्या पाड्याला थेंब नव्हता.

"मॅडम, मिठावरून अडवताय?" संचालकांनी हळूच विचारलं.

"पाड्यावरून," मी म्हटलं. समितीतल्या मंडळींनी खूप समजावलं, मी हटले नाही. संचालकांचा उतरलेला चेहरा बघून फार वाईट वाटलं, तरी सही केली नाही. ते मान्यतेविनाच घरी गेले. जाण्याआधी मात्र त्यांनी दलवार गट मोडून सगळ्यांना मिसळून टाकलं.

पुढच्या वर्षी नवी तुकडी आली. आधी नकाशा पाहिला, मग शेतात गेलो. मीठ मुठीत धरून एक अधिकारी चुलीपासून बडगीपर्यंत विचारत हिंडत होता, "कुणी घातलंय का?"

सही केली आणि जुन्या संचालकांना फोन लावला. "सर, मीठ बरोबर पडलंय."

त्यांनी विचारलं, "आणि तो पाडा?"

"पहिला टँकर तिकडेच."