मी पाहिलेला फेस

दुष्काळाचं साल. घरात एकच गाय, तीही आटत आलेली. ताकाचं मडकं सासूबाई डोळ्यांत तेल घालून राखायच्या आणि मला, नव्या सुनेला, कोरड्या भाकरीवर चटणीचं बोट. एका दुपारी त्या शेजारी गेलेल्या पाहून मी मडकंच तोंडाला लावलं. घाईत ते कलंडलं, अर्धं ताक जमिनीवर. उरलेल्यात पाणी ओतलं. सांडलेलं दारच्या कुत्र्यानं तोंड माखेपर्यंत चाटून काढलं. बरं झालं म्हटलं, पुरावा गेला.

कसला जातोय! कुत्रं अंगणात जाऊन पडलं आणि माझ्या चौदा वर्षांच्या नणंदेचा पाय नेमका त्याच्या शेपटीवर पडला. त्यानं तिच्या पोटरीचा लचका घेतला. तेवढ्यात सासूबाई आल्या, कुत्र्याचं पांढरं तोंड पाहून पिसाळलं, पिसाळलं म्हणून त्यांनी आळी गोळा केली. नवरा काठी घेऊन आला. विचारलं मला, कारण घरात मॅट्रिक शिकलेली मीच.

"फेसच हाय ना? नीट बघितला तू?"

ताक म्हणावं, तर ते आलं कुठून?

"व्हय, बघितला."

नवऱ्यानं चुचकारलं तसं कुत्रं शेपटी हलवत आलं. तीन काठ्यांत संपलं.

नेवाशाला डॉक्टर आमच्यावर उखडले. कुत्रं मारायचं नसतं, बांधून दहा दिवस बघायचं असतं. जगलं असतं तर पुढच्या सुया वाचल्या असत्या. मग माझ्याकडे वळले. फेस तुम्ही स्वतः पाहिलात? सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. मी हो म्हणाले, या खेपेला चांगलं शुद्ध बोलून.

बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं. रोज एसटीनं तिला मीच न्यायची, मीच हात दाबून धरायची. नवव्या दिवशी पोट सुजून टणक झालं, सुई शिरेना. पोरगी आईला नाही, वहिनी वहिनी करत मला हाका मारत होती. आणि मी निर्लज्ज मनात मोजत होते, आता पाचच राहिली.

पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं म्हणतात, यानं तर ताक चाटलं होतं. म्हणून मला खात्री होती. शेवटच्या दिवशी डॉक्टरांना सहज विचारलं, तर म्हणाले, तसं काही नसतं, सुरुवातीला पितंही. झालं! मी खोटं बोलले एवढं मला पक्कं ठाऊक आहे. पण कुत्रं खरंच पिसाळलेलं होतं की नाही, हे देवाला ठाऊक. दहा दिवसांत ते कुत्र्यानंच सांगितलं असतं, त्याला आम्ही दहा मिनिटंही दिली नाहीत.

नणंद आता आजी झाली. दर दिवाळीला येते, पोटावरून हात फिरवत नातवंडांना सांगते, "हिनं बघितलं म्हणून मी जित्ती हाय." मग एकेकाला माझ्या पाया पडायला लावते.

मी पाय मागं घेत नाही.