आतून म्हंजे कोणाच्या आतून?

घ्या, च्या घ्या, आन मी सांगतो त्यातल्या एका शब्दावर तरी इश्वास ठेवून दाखवा. नाई ठेवणार, मले माईत हाये. अख्ख्या आळीले उल्लू बनवणारी बाई मी!

गेल्या हिवाळ्यात माही पोरगी मंगला पुलगावहून बाळंतपणाले आलती. नात पंधरा दिवसाची. मंगलाच्या खोलीले लागून आमची तुरी-गहू ठेवाची कोठी. वर टीन, एक गजाची खिडकी, ना चूल ना शेगडी. मधल्या दाराच्या फटीतून असं थंडगार वारं ये, का लेकरू शिंकाले लागलं.

माहा बुढा, मंगलाचा बाप, म्हणे सुताराले बलावतो. मी म्हटलं, काऊन? माह्या हाताले काय झालं?

मंगलानं लेकराले पाजता पाजता एवढंच सांगतलं, "माय, दार आतून चांगलं पॅक करजो."

आतून! ध्यानात ठेवा हा शब्द.

आता आमच्या घरची आतली खोली कोणती? कोठीच ना! गेली कोठीत, लोटलं दार. फटीत घरचा कापूस कोंबला. त्याच्यावर जाडी गोधडी, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत. वरून दोन आडव्या पट्ट्या आन बोटाएवढे खिळे. काय काम झालं म्हणता! कंबरेवर हात ठेवून दोन मिनिटं पाहतच राह्यली. मंग निघाली च्या प्याले.

कुठून निघू? कोठीले दार तेवढंच एक!

दार बडवलं. गोधडीनं आवाजच गिळला, इतकं भारी काम! खिडकीतून बुढ्याले हाका मारल्या. तो अंगणात उनात बसून दाढी करून राह्यलता. अर्ध्या गालाले फेस घेऊन आला, पाह्यलं, आन वापस गेला. मागच्या पोळ्याले मीनं त्याले याच कोठीत कोंडून 'बुढा पळाला' म्हून गावभर सांगतलं होतं. जाता जाता म्हणे, "एकडाव फसलो. आता नाई येत."

इकडं माहे दात वाजून राह्यले. लेकराचं सगळं वारं माह्याच अंगावर!

दुसरा गाल करून तो आला. "दार कोनं ठोकलं?"

"मीनं."

"कुठून?"

"आतून."

"मंग उघड आतून."

"खिळे नाई निघून राह्यले वो."

गेला, पक्कड आणली, आन गजाबाहेर धरून उभा राह्यला. "पह्यले म्हण, सुतार बलावाले पाह्यजे होता."

म्हटलं बाप्पा. काय करता?

खिळे उपटता उपटता दुपार झाली. गोधडी सारून बाहेर निघाली, तं मंगला गाढ झोपलेल्या लेकरावर हात ठेवून हळूच म्हणते, "माय, सकाळपासून होती कुठं? वारं बिलकुल बंद झालतं. कायले काढलं?"

दुसऱ्या दिवशी सुतार आला. हातोडी काढाच्या आंधी त्यानं मलेच इचारलं, "आजी, तुमी कोणत्या बाजूले उभ्या राह्यता?"

हसा, हसा. झाला ना च्या? मंग जा आता आपापल्या घरी. आन दार ओढून घेजा. बाहेरून!