पास्कालिसची हनुवटी

कावाला या ग्रीक गावाच्या बंदरावरून तंबाखूच्या जुन्या गोदामांकडे चढ चढत गेलं की चौकात एक टपरी लागते. सिगारेटी, वर्तमानपत्रं, च्युइंगगम, थंड पाणी, असला सगळा किरकोळ माल. टपरी एवढीशी, आणि आत बसलेला माणूस सहा फूट आठ इंच. गिऱ्हाइकाला आधी त्याच्या शर्टाची बटणं दिसतात. तो वाकला की मग चेहरा दिसतो. बाहेरगावचे खलाशी ते बघून फिदीफिदी हसतात. गावातलं मात्र कुणी हसत नाही. गावातला माणूस सिगारेटचं पाकीट खिशात टाकतो आणि निघताना विचारतो, "गुडघा काय म्हणतोय, पास्कालिस?"

"आहे आपला जागेवर," पास्कालिस म्हणतो. वर्षानुवर्षं तो हेच उत्तर देत आला आहे.

पास्कालिस कारात्झोग्लूचे आजोबा समुद्रापलीकडून हाकलले गेलेले निर्वासित, आणि वडील तंबाखूची पानं निवडणारे. घरात उंच असं कुणीच नव्हतं. हा मात्र चौदाव्या वर्षी चौकटींना डोकं आपटत हिंडू लागला. कुणी "केवढा झालाय हो!" म्हटलं की आई दृष्ट लागू नये म्हणून त्याच्यावर तीनदा थू थू करायची, आणि नवे बूट घ्यायची वेळ आली की हे एकदाचं थांबव म्हणून देवाला साकडं घालायची. उंच पोराचा उपयोग सगळ्यांनाच होता. कुणाला दिव्याचा बल्ब बदलून हवा असायचा, कुणाच्या कौलांवर मांजर अडकलेलं असायचं, चर्चची मेणबत्त्यांची झुंबरं पुसायला तर पाद्रीबाबा शिडीऐवजी यालाच हाक मारायचे. आणि हा जायचा. 'नाही' म्हणायला लागणारं जे काही असतं, ते देवानं त्याच्या हाडांतच घालवून टाकलं असावं.

बास्केटबॉलही तो असाच खेळू लागला. कुणीतरी म्हणालं, उभा राहा त्या रिंगखाली, आणि तो राहिला. पण पुढे तो खेळ त्याला मनापासून आवडू लागला, हेही खरं. चेंडू रिंगच्या कडेवर घोटाळत असतो आणि तो कुठे पडणार हे आपल्याला क्षणभर आधी कळतं, त्या क्षणासाठी तो जगायचा. गावाच्या पेलार्गोस, म्हणजे करकोचा, या क्लबात तो मोठा झाला. जर्सीवर करकोचा, आणि संघात खराखुरा करकोचा हा एकच. मग अथेन्सच्या एका मोठ्या क्लबानं उचलला. तिथे दोन हंगाम तो खेळाडूंच्या बाकावर बसून होता. अथेन्स कसं आहे असं विचारलं की म्हणायचा, "बाकावरून बरं दिसतं." गावच्या क्लबानं परत ये म्हटलं, आणि तो परत आला. सव्वीस वर्षांचा होता, अंगात रग होती, आणि अजून आठ-दहा वर्षं खेळू असा हिशेब त्यानं मनात मांडला होता.

त्या वर्षी क्लबानं अमेरिकेतून एक प्रशिक्षक आणला होता. मिस्टर डेल. मोठा सज्जन माणूस. ग्रीक भाषेतलं त्याला 'नमस्कार', 'कॉफी' आणि 'पळा' एवढंच यायचं, आणि सरावाला तेवढं पुरत होतं. वसंतात शेवटचा सामना घरच्या मैदानावर आला. जिंकलो तर पहिल्या श्रेणीत, हरलो तर आहोत तिथेच. अख्खं गाव गॅलरीत. उत्तरार्धात एक आडदांड गडी पास्कालिसच्या गुडघ्यावर पडला. त्याला बाकावर आणून बर्फ लावला, तोवर गुडघ्याचा पार भोपळा झालेला. आत काहीतरी सुटलंय, हे त्याचं त्याला कळत होतं.

सामना संपत आला तेव्हा पेलार्गोस एका गुणानं मागे होता. मिस्टर डेल त्याच्यासमोर उकिडवा बसला, गुडघ्याकडे बोट दाखवलं आणि इंग्रजीत विचारलं, "खेळशील?"

पास्कालिसला इंग्रजी समजायचं, पण त्या घटकेला तोंडातून शब्द फुटेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं नकार दिला, आणि तो आमच्याकडे सगळे देतात तसाच दिला. भुवया चढवल्या, हनुवटी वर उडवली, जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं. आमच्याकडे रांगतं पोरसुद्धा नको असलेला घास असाच परतवतं. पण त्या गोंगाटात 'च्च' कुणाला ऐकू जाणार? अमेरिकन माणसाला दिसली ती फक्त वर उडालेली मान. त्याचा चेहरा उजळला. "शाब्बास!" असं काहीसं म्हणत त्यानं पाठीवर थाप मारली आणि बदली खेळाडूची खूण केली.

एकदा नाही म्हणून झालं होतं. दुसऱ्यांदा म्हणायचं बळ पास्कालिसच्यात नव्हतं. तो उठला.

शेवटचा चेंडू रिंगच्या कडेवर घोटाळला, तेव्हा तो कुठे पडणार हे त्याला कळलंच. तो उडाला, बोटांनी चेंडू आत ढकलला आणि खाली आला तो त्याच पायावर. लोक मैदानात घुसले. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो वेदनेनं किंचाळत होता आणि गावाला वाटलं, आनंदानं ओरडतोय. तो फोटो अजून क्लबच्या कॉफीखान्यात लावलेला आहे. तोंड उघडं, डोळे मिटलेले.

दोन शस्त्रक्रिया झाल्या. मग सायप्रसच्या एका लहानशा क्लबात दीड हंगाम लंगडणं झालं, आणि खेळ संपला. पण इस्पितळात क्लबची माणसं मिठाई घेऊन आली होती, तेव्हाच गोष्ट तयार झाली होती. म्हणे पास्कालिसनं प्रशिक्षकाला सांगितलं, "दोन पाय कशाला, गावासाठी माझा एक पुरे!" हे वाक्य त्यानं जन्मात उच्चारलं नव्हतं. खुलासा करायला त्यानं तोंड उघडलंही होतं, पण पेढ्यासारखी काहीतरी साखरेत घोळलेली वडी कुणीतरी त्यात घातली. पुढे क्लबानंच खटपट करून त्याला टपरी मिळवून दिली. पूर्वी अशा टपऱ्या लढाईत जायबंदी झालेल्या शिपायांना मिळायच्या. गावाच्या लेखी हाही शिपाईच होता. त्याच उन्हाळ्यात स्टामातानं त्याच्याशी लग्न केलं. आता कुठल्या तोंडानं सांगणार की बाबांनो, मी नाही म्हणालो होतो? मूग गिळून बसणंच सोपं होतं. ते मूग पुढे आयुष्यभर पचले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

आणि मग या वर्षी डोम्नाचा गुडघा सुजला.

डोम्ना त्याची एकुलती एक मुलगी. तेविसावं संपत आलेलं, बापाची उंची नसली तरी बापाचं चेंडू ओळखणं अंगात पुरेपूर. पेलार्गोसच्या बायकांच्या संघाचा कणाच ती. रविवारी त्यांचा श्रेणी ठरवणारा सामना होता आणि बुधवारच्या सरावात तिचा गुडघा मुरगळला. डॉक्टर म्हणाले, महिनाभर मैदानाकडे बघायचं नाही. शुक्रवारी दुपारी क्लबचे अध्यक्ष मेनेलाओस यांनी बापलेकीला कॉफीखान्यात बोलावून घेतलं. टेबलावर कॉफी आली, तळलेले मासे आले. मेनेलाओस म्हणजे खरं तर प्रेमळ गृहस्थ. म्हणून तर जास्त पंचाईत.

"मी म्हणतो, शेवटची दहा मिनिटं," मेनेलाओस म्हणाले. "फक्त दहा. पट्टी घट्ट बांधू, सुई मारू. नुसती उभी राहिलीस तरी पोरींना हिंमत येईल."

डोम्नानं बापाकडे पाहिलं. ती काय विचारतेय हे पास्कालिसला समजत होतं. 'बाबा, तू खेळला होतास. मग मी नाही कसं म्हणू?'

"तिला काय विचारायचंय!" शेजारच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं. "कुणाची पोर आहे ती? ते बघा वर!" आणि सगळ्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं.

"बोल रे, पास्कालिस," मेनेलाओस म्हणाले. "तूच सांग तिला. काय म्हणाला होतास तू मिस्टर डेलला?"

पास्कालिसनं कॉफीचा पेला बाजूला सारला. इतकी वर्षं गावात जी काही किंमत होती ती त्या एका वाक्याची होती, आणि ते वाक्य खोटं होतं. पण समोर पोरीचा गुडघा होता, सुजलेला, तरी अजून वाचण्यासारखा.

"मी नाही म्हणालो होतो," तो म्हणाला.

"काय?"

"त्यानं विचारलं, खेळशील का. मी नाही म्हटलं." त्यानं हनुवटी वर उडवून दाखवली. "असं. तो परदेशी माणूस. त्याला वाटलं, हो म्हणतोय. मला खेळायचं नव्हतं, मेनेलाओस. मला भीती वाटत होती. एक पाय पुरे वगैरे काही मी बोललेलो नाही. मला माझे दोन्ही पाय हवे होते."

मेनेलाओस मोठ्यांदा हसले. "बघा, बघा! लेकीसाठी बाप स्वतःच्या नावावर पाणी सोडायला निघालाय. अरे वेड्या, हे असलं कुणाला पटणार आहे?"

"खरं सांगतोय मी."

"हो, हो. साधा आहेस तू. पहिल्यापासून साधाच आहेस."

सगळे हसू लागले. कुणी त्याच्या खांद्यावर थाप मारली. पास्कालिसला वाटलं, आता ओरडावं. आयुष्यात दुसऱ्यांदा तो नाही म्हणत होता आणि दुसऱ्यांदा लोकांना ते हो वाटत होतं.

कोपऱ्यात झीसिसकाका बसले होते. म्हातारे, पूर्वी क्लबच्या दारावर तिकिटं फाडायचे. त्यांनी काठी फरशीवर आपटली.

"हसताय काय रे? खरं बोलतोय तो."

"काका, तुम्हाला काय माहीत?"

"काय माहीत म्हणजे? मी समोरच्या गॅलरीत उभा होतो. तूही होतास, मेनेलाओस, माझ्या दोन पायऱ्या खाली. याचं तोंड आपल्याकडे होतं आणि त्या अमेरिकनाची पाठ. हनुवटी वर गेली ती मी पाहिली. तू पाहिलीस. अख्ख्या गॅलरीनं पाहिली." काकांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "ग्रीक माणसाला ग्रीक माणसाचं 'नाही' कळत नाही होय रे?"

मेनेलाओसनी खाली पाहिलं. माशांच्या ताटलीतला एक काटा ते बोटानं इकडून तिकडे सरकवत राहिले. आता कुणीच हसत नव्हतं.

पास्कालिस काकांकडे वळला. ते गुपित आपण एकट्यानं वाहतोय, असं तो इतकी वर्षं समजत होता. "मग कुणी ओरडलं का नाही?" त्यानं विचारलं. "गॅलरी भरलेली होती. कुणीतरी त्याला सांगायचं, तो नाही म्हणतोय म्हणून."

"हरलो असतो ना, पोरा," झीसिसकाका म्हणाले.

डोम्ना उठली. "मी रविवारी खेळणार नाही," ती स्वच्छ आवाजात म्हणाली, अगदी परक्यालाही कळेल असं. तिनं बापाचा हात धरला, आणि दोघं लंगडत बाहेर पडली. त्यांना थांबवायला कुणी आलं नाही.

घरी स्टामाता राजमा निवडत बसली होती. डोम्नानं सगळं सांगितलं आणि ती आत जाऊन पडली. स्टामातानं ऐकून घेतलं, पण आश्चर्य असं तिच्या चेहऱ्यावर कुठे दिसलं नाही. पास्कालिस खुर्चीत पाय लांब करून बसला. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. त्या दिवशी ती गॅलरीत, बाकाच्या बरोबर समोर, तिसऱ्या रांगेत बसलेली होती. तिचा निळा रुमालसुद्धा त्याला आठवला.

ताटात राजम्याचे दाणे पडत राहिले.

"मीही नाही ओरडले," स्टामाता म्हणाली. तिनं ताट खाली ठेवलं, त्याच्याजवळ येऊन जमिनीवर बसली आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.