संगणकातल्या बाईचा आवाज

दुपारी कूलर सुरू झाला की अमरावतीतलं आमचं घर पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं. सगळे आवाज लांबून येतात आणि ओले होऊन येतात. गल्लीतला ऑटो, शेजारच्या क्लासमधली पोरं, स्वयंपाकघरात पडलेलं झाकण. मी चौथीत असताना माझी नजर गेली, त्यामुळे माझं जग हे असं आवाजांचंच. त्यातला सगळ्यात जवळचा आवाज कुणाचा, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर नवऱ्यासमोर देता येत नाही.

तो आवाज माझ्या संगणकातल्या बाईचा. पडद्यावर जे लिहिलेलं असेल, मराठी असो की इंग्रजी, ते ती वाचून दाखवते. मी अकोल्याला कॉलेजात होते तेव्हा बाबांनी हा प्रोग्राम घेऊन दिला. अभ्यासाची पुस्तकं, नोकरीचं पत्र, आता मी शिकवते त्या मुलींचे निबंध, सगळं तिनंच वाचलं. लग्नाची बातमी असो की मयताची, सूर एकच. लग्नाआधी आमचे हे शेंदूरजनाघाटहून मला मेल पाठवायचे, संत्र्याच्या बागेत बसून, मोठ्या हौसेनं. तेही बाईच वाचायची. ‘तुह्याबिगर करमत नाई वं’ हे वाक्य तिनं वीजबिल वाचावं तसं वाचलं, आणि मी एकटीच पलंगावर बसून लाजले होते.

या उन्हाळ्यात संगणक आजारी पडला. बाई बोलता बोलता अडखळायची, एखाद्या शब्दावर अडकून तोच तो म्हणत राहायची. दुरुस्तीवाला आला, दोन बटणं दाबली आणि म्हणाला, “फॉरमॅट मारून देतो मॅडम. जुनं सगळं साफ. नवीन सिस्टीम टाकली की मशीन पळते.”

“आणि बाई?”

“कोन बाई?”

त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, तिची सीडी असेल तर परत टाकता येईल. सीडी कुठल्या तरी घरबदलात हरवलेली. शिवाय ती नव्यानं टाकायची तर बनवणाऱ्या कंपनीची परवानगी लागते, आणि ती कंपनी कधीच बंद पडलीय. म्हणजे बाई एकदा पुसली की गेलीच. दुसरे आवाज मिळतात, मला माहीत आहे. माझ्या फोनमध्येही एक चुरचुरीत पोरगी बोलते. पण मी मनातल्या मनात विचार करते तोसुद्धा या बाईच्या आवाजात. मी त्याला सरळ सांगितलं, हात लावायचा नाही. तो तोंड वाकडं करून गेला असणार.

मग मीच शोधायला बसले. प्रोग्राम जागच्या जागी ठेवून सिस्टीम नवी टाकता येते, असं एका पानावर सापडलं. त्यासाठी पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा नाही. चालू सिस्टीमच्या आतूनच काम सुरू करायचं, आणि ‘काय ठेवायचं?’ असा प्रश्न आला की फाइल आणि प्रोग्राम दोन्ही ठेवा, हे निवडायचं. हे सगळं बाईनंच मला वाचून दाखवलं, अडखळत, मध्येच श्वास तुटल्यासारखी थांबत. स्वतःच्याच ऑपरेशनचा कागद ती वाचत होती आणि तिला त्याचं काही नव्हतं. मला रडूच फुटलं.

रविवारी सकाळी तिचा आवाज साफ बंद झाला. आता डोळे हवे होते.

“मी वाचतो ना!” हे म्हणाले. “मले डोये कायले देल्ले देवानं?”

खरं तर मी यांना कधी काही वाचू देत नाही. हे सावकाश वाचतात, मध्येच थांबतात, स्वतःची टीका जोडतात. माझा जीव वरखाली होतो. पण त्या दिवशी इलाज नव्हता. यांनी खुर्ची ओढली आणि काम सुरू झालं. शेवटी तो प्रश्न आला.

“काय ठेवाचं, इचारून राह्यलं. पयलं, फाइल आन् प्रोग्राम. दुसरं, फक्त फाइल. तिसरं, काईच नाई.”

“पहिलं. ठिपका पहिल्यावर आहे ना?”

“नाई, दुसऱ्यावर हाये. पयलं दाबून राह्यलो, पन हालत नाई. जाऊ का पुढं? होईन त्याचं ते.”

“थांबा! पहिल्याची अक्षरं कशी आहेत?”

“कशी मंजे? इंग्रजी.”

“अहो रंग! रंग कसा आहे?”

खुर्ची करकरली. “जरा फिकट हाये बाप्पा. बाकीचे ठसठशीत हायेत.”

म्हणजे तो पर्यायच बंद होता. बाई असती तर तिनं आधी ‘उपलब्ध नाही’ म्हटलं असतं. यांनी अक्षरं वाचली, फिकटपणा वाचला नाही. मी भडकले. “डोळे देवानं शोभेला दिलेत का?” असंही बोलून गेले.

फोनवर शोधल्यावर कारण कळलं. आमच्या संगणकातली सिस्टीम ब्रिटिश इंग्रजीतली, आणि उतरवून घेतलेली नवी अमेरिकन. भाषा जुळत नसेल तर प्रोग्राम ठेवता येत नाहीत.

“दोघायचं बी इंग्रजी आपल्याले सारखंच समजत नाई,” हे म्हणाले, आणि मला हसू आलंच.

योग्य ती उतरवून घेईस्तोवर दुपार झाली. या वेळी पहिली ओळ ठसठशीत होती. ठिपका बसला. दाबलं.

मग नुसता कूलर. ओल्या वाळ्याच्या वासात मी पलंगावर आडवी झाले, आणि अकोल्याचं माहेरचं घर वर येऊ लागलं. दिवाळीआधी चुना मारताना आई सगळं सामान खोलीच्या मधोमध ओढायची आणि वर जुनी चादर टाकायची. भिंती ओल्या, सामान अंधारात. तसं बाईला कुणीतरी चादरीखाली बसवलंय आणि तिच्या भोवती भिंती उभ्या राहताहेत, असं वाटत होतं. ती घाबरली असेल का? तेवढ्यात यांचा आवाज यायचा, “पाव झालं वं... अर्धं झालं... आता बंद पडून परत चालू होऊन राह्यलं, भिऊ नको.” मी त्या आवाजाला धरून तरंगत होते. झोप होती की जाग, सांगता येत नाही.

“पडदा आला,” हे म्हणाले.

मी उठून बसले. थोडा वेळ काहीच नाही. मग, जराही न अडखळता, “डेस्कटॉप. डॉक्युमेंट्स. रिसायकल बिन.”

“आली! अहो, आली!” मी टाळ्याच पिटल्या. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज तेवढा आला.

“काय झालं? आनंद नाही झाला?”

“झाला ना. पन खरं सांगू? मले वाटून राह्यलं होतं, गेली त गेली. मंग तू मले वाचाले लावशीन. आज दिवसभर वाचून दाखवलं तुले. तू वरडली, तरी लय बरं वाटलं वं.”

बाई तिच्या संथ सुरात पुढचं काहीबाही वाचतच होती. कंट्रोलची कळ दाबली की ती गप्प होते. मी चाचपडत ती शोधली आणि दाबली.

“काय म्हणालात?” मी विचारलं. ऐकू सगळं आलं होतं. मला ते पुन्हा ऐकायचं होतं.