गवतवाल्या सरांची सही

गवतवाले सर उभ्या माणसाशी गवताबद्दल एक शब्द बोलत नसत. आधी खाली बसायचं. चांगलं फतकल मारून, काट्याकुसळांत, कपड्यांची पर्वा न करता. "उभ्यानं बगितलं तर समदं गवत येकच दिसतंय," म्हणायचे. नगरच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत, तेही अगदी पुस्तकी भाषेत. पण पाथर्डीच्या माळावर, म्हणजे त्यांच्या गावच्या रानात, पाय ठेवला की घरची बोली सुटायची आणि मग ती आवरायची नाही. आम्ही पोरं पाठीमागे त्यांना 'गवत्या' म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

मी राहात्याची, पाटाच्या पाण्यावर वाढलेली. पहिल्याच सहलीत एका काडीचं नाव विचारलं, तर म्हणाले, "तुमच्याकडं नुस्ता ऊस! पन ऊसबी गवतच हाय, म्हाईत हाय का? आमची मान्सं दरसाल तुमचं गवत तोडाया येत्यात, आन् आमच्या गवताला सरकार पडीक म्हनतंय." सगळे हसले. सर हसले नाहीत.

मारवेल, पवना, शेडा, डोंगरी ही नावं त्यांना आईकडून मिळाली होती. ती माउली त्याच माळावर गवत कापून भारे बाजारात विकायची आणि त्यावर सर शिकले. लॅटिन नावं फार नंतर आली. अनोळखी गवत दिसलं की सर त्याचं पेर दाताखाली धरत, डोळे मिटत आणि बहुतेक वेळा म्हणत, "खात्री न्हाई. पुन्यांदा येऊ." पुन्हा यायचं म्हणजे पुढच्या वर्षी, फुलोऱ्याच्या दिवसांत. अशी त्यांची पंचवीस वर्षं त्या एका माळावर गेली.

नव्वदीच्या दशकात जगभरच्या देशांनी जैवविविधता राखायचा करार केला. आपणही त्यावर सही केली, आणि मग दिल्लीला घाई सुटली की आपल्याकडे राखण्यासारखं आहे तरी काय, ते कळवा. सरकारला तज्ज्ञ माहीत नव्हते आणि तज्ज्ञांना सरकारचं दार माहीत नव्हतं. या दोघांची गाठ घालून द्यायला पुण्याच्या एका संस्थेनं मला नेमलं. हुद्दा समन्वयक, नोकरी कंत्राटी, आणि काम लग्न जुळवणाऱ्याचं. इकडचं तिकडे गोड करून सांगायचं. पहिलं नाव मी सरांचं सुचवलं. मोठ्या अभिमानानं सुचवलं.

सर मंत्रालयात आले ते काखेत गवताची पेंढी घेऊन. फाटकावर शिपायानं अडवलं. "आजोबा, हे काय?" "पुरावा," सर म्हणाले. ज्यांच्याकडे ही फाइल होती त्या साहेबांच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी एकेक काडी मांडली. साहेब भला माणूस होता, हेच तर दुर्दैव. खडूस असता तर मी सावध राहिले असते. पाचव्या काडीला त्यानं घड्याळ पाहिलं. "सर, सगळं मान्य. पण तिथे झाडं किती आहेत?" "झाडं न्हाईत. म्हनून तर गवत हाय!" साहेब माझ्याकडे बघून हसला. मीही हसले. ते हसणं आठवलं की आजही मला माझीच चीड येते.

तरी माळाचा अहवाल लिहायचं काम सरांकडेच आलं, आणि चार महिन्यांनी तो आला. निम्म्या नोंदींपुढे इमानानं 'खात्री नाही' लिहिलेलं. जमिनीच्या प्रकाराच्या रकान्यात मात्र ठळक अक्षरांत: 'नैसर्गिक गवताळ माळ. येथे झाडे लावू नयेत.' साहेबांचा मला फोन आला. "बाई, सातबाऱ्यावर पडीक आहे ना? मग पडीकच लिहा. नाहीतर फाइल महसूलकडे जाईल आणि सहा महिने तिथेच बसेल. तिकडे करार काय तुमच्या सरांसाठी थांबणार आहे?"

मी 'पडीक' टाइप करून घेतलं. झाडांचं वाक्य गाळलं. आधी अहवाल पोचू दे, मग दुरुस्त करू, असं स्वतःला बजावलं. माझं कंत्राटही त्याच महिन्यात संपत होतं, तेही सांगून टाकते. आता लपवून काय मिळणार?

सहीसाठी मी नगरला त्यांच्या घरी गेले. "जयभीम! ये गं, राहातेकर," म्हणत सरांनी दार उघडलं. मी सहीचं पान मुद्दाम वर ठेवलं होतं. सरांनी सगळा गठ्ठाच उचलला आणि आतल्या खोलीत गेले. मी काकूंशी इकडचं तिकडचं बोलत बसले. सर बाहेर आले तेव्हा सही झालेली होती. "टायपिंग झकास हाय," एवढंच म्हणाले. मी मनात हुश्श केलं. सरांची नजर आताशा कमी झालीय, अशी माझी मीच समजूत घातली.

वर्षभरात त्याच कराराच्या नावानं योजना आली. पडीक जमिनीवर वृक्षलागवड! आधार म्हणून जोडलेला अहवाल सरांचा, त्यांच्या सहीसकट. मी धावाधाव केली, दुरुस्तीची तीन पत्रं पाठवली. एकाच पत्राला उत्तर आलं: 'अहवालावर तज्ज्ञांची स्वाक्षरी असल्याने बदल करता येत नाही.'

शुभारंभाला सरांना माळावर नेऊन शाल-श्रीफळ दिलं. त्यांच्या मागेच खड्डे खणायचं काम चालू होतं. मुळासकट उपटलेला शेडा बाजूला ढीग करून टाकला होता. खड्डे खणणारी एक बाई, त्यांच्याच भावकीतली, हातातला टिकाव खाली ठेवून पुढे आली. "नाना, लई बरं केलंत बगा. औंदा कोयता घिऊन ऊस तोडाया जायाला नको. पोरं साळंत ऱ्हातील." सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "चांगलं झालं," म्हणाले. आणि ते खोटं बोलत नव्हते.

परतताना एसटीत मला राहवलं नाही. "सर, अहवालात तो 'पडीक' मी घातला. झाडांचं वाक्यही मीच गाळलं."

"म्हाईत हाय. वाचूनच सही केली."

"मग मला अडवलं का नाही? कागद फाडून का नाही टाकले?"

सर मांडीवरच्या शालीची घडी घालत राहिले. "मला वाटलं, तुला कायतरी ठावं आसंल. मला गवत कळतं, तुला ती मान्सं कळत्यात. म्हनून तर तू मदी हुतीस."

त्यानंतर सर दोन वर्षं होते. मी गेले की चहा व्हायचा, माझ्या नोकरीची चौकशी व्हायची. ती नोकरी तोवर कायम झाली होती. माळाचा विषय त्यांनी माझ्यापुढे पुन्हा कधी काढला नाही. एकदा तरी चार शिव्या घातल्या असत्या, तर मी सुटले असते.