तौवूचं काहीही घेता येतं

अपिसाईबद्दल चांगलंच बोलायचं असं माझ्यावर बंधन नाही, हे आधीच सांगून ठेवते. तो दलिकोरो गावचा, मी नामोलीची, आणि आमच्या दोन्ही गावांचा जुना देव एकच होता. म्हणून आम्ही एकमेकांचे तौवू. तौवूला तोंडाला येईल ते बोलावं, त्याच्याकडचं हाताला लागेल ते उचलावं, आणि त्यानं रागवायचं नाही. रागावला तर अब्रू त्याचीच जाते. तेव्हा मी त्याला मेला, वाळका बांगडा असलं काही म्हटलं तर मनावर घेऊ नका. हक्कानं म्हणते.

पहिल्यांदा दिसला तो ताव्हेउनी बेटाच्या धक्क्यावर, बोटीतून उतरून ओकताना. दाराएवढा माणूस, बगलेत गुंडाळलेली चटई, पायाशी पत्र्याची पेटी. मीही त्याच बोटीनं आले होते, त्याच शुभवार्ता केंद्रात ख्रिस्ताचं काम शिकायला. सुनेच्या हातात घर देऊन मोकळी झाले होते. म्हटलं, उरलेलं आयुष्य देवाच्या कामी लावू. दया येऊन मी त्याला नारळपाणी दिलं.

"दादा, काम काय करता?"

"मासेमारी."

"आणि बोट लागते?"

"दुसऱ्यानं चालवलेली लागते," तो म्हणाला.

"गाव कुठलं तुमचं?"

"दलिकोरो."

"अगं बाई! कासवचोरांचं दलिकोरो?"

त्याच्या हिरव्या पडलेल्या तोंडावर एकदम रंग आला. "तू नामोलीची? वाम खाणारी?" असं म्हणत त्यानं माझ्या हातातली पिशवी ओढली आणि सुनेनं तळून दिलेले मैद्याचे सगळे बाबाकाऊ उभ्या उभ्या फस्त केले. आत्ता ओकत होता ना हा! मीही काही कमी नाही. त्याची पेटी उघडली, त्यातली नवीकोरी उशी काढून घेतली. मग त्यानं माझं सगळं सामान खांद्यावर टाकलं आणि केंद्रापर्यंतची चढण आम्ही एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत चढलो. इतकी मजा मला नवरा गेल्यापासून आली नव्हती.

केंद्र म्हणजे पूर्वीची खोबरं वाळवायची वखार. आत झोपलं की केसांना सुद्धा खवट तेलाचा वास येई. केंद्राचे प्रमुख पाळक नेमानी दारातच उभे होते, काठीसारखे ताठ. माणूस आमच्यातलाच, पण बरीच वर्षं परदेशी शिकवून आलेला, त्यामुळे नियमांवर भारी जीव. त्यांनी आम्हा नव्या लोकांना सावलीत बसवून सांगितलं, "पहिल्या रविवारी प्रत्येकानं गावच्या देवळात उभं राहून पवित्र शास्त्रातली एक गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. ज्याला जमणार नाही, तो सोमवारच्या बोटीनं घरी. त्यात लाज नाही."

लाज नाही म्हणे! अपिसाईला निरोप द्यायला अख्खं दलिकोरो रडलं होतं. सरदारानं मानाचा देवमाशाचा दात दिला होता. असा निरोप घेतलेला माणूस आठवड्यात परत आला तर त्यानं तोंड कुठं लपवायचं?

आणि मेल्याची गोम अशी, की त्याला चारचौघांत बोलता येत नव्हतं. माझ्याशी तोंड चाले, पण सभा म्हटली की दातखीळ. त्याचाही इलाज नव्हता. आमच्याकडे सरदारापुढं बोलायचं काम एका घराण्याचं, मासे आणायचं दुसऱ्याचं. अपिसाईचं घर मासेवाल्यांचं. त्याच्या बापानं, आज्यानं, कुणीच सभेत शब्द काढलेला नाही. मासे ठेवायचे, खाली मान घालून मागं सरकायचं. मग गावानं यालाच का निवडलं? तर दूरच्या बेटांवर पाळक म्हणून कोण जाईल असं विचारल्यावर सगळे बोलके लोक आपापल्या पायांच्या अंगठ्याकडे बघू लागले. अपिसाई नेहमीसारखा गप्प बसला. गावानं तोच होकार धरला. निदान आम्हा सगळ्यांना तरी तसंच वाटत होतं.

दुसऱ्याच दिवशी आमच्या मजेला दृष्ट लागली. जेवताना मी अपिसाईच्या ताटातला मासा पळवला आणि म्हटलं, "हा खाऊ नकोस, जातभाई असेल तुझा." तो म्हणाला, "दे तर मग, पुरतो त्याला. तुझ्या पोटापेक्षा बरी जागा मिळेल." सगळे खो खो हसले. नेमानीसाहेब उठून उभे राहिले. मागच्या वर्षी म्हणे दोघा तौवूंनी थट्टेथट्टेत केंद्राचा डुक्कर भाजून खाल्ला होता. तो डुक्कर साहेबांचा लाडका होता.

"बास!" ते म्हणाले. "इथं तौवू-बिवू काही नाही. आजपासून तुम्ही दोघं ख्रिस्तात भाऊबहीण. पुन्हा थट्टा ऐकली तर थट्टा करणारा सोमवारच्या बोटीत."

झालं. आमच्यात भाऊबहीण मोठे झाले की एकमेकांशी बोलत नाहीत, नजरेला नजर देत नाहीत, हातातून हातात काही घेत नाहीत. तो मान असतो. साहेबांनी भाऊबहीण म्हटलं आणि अपिसाईनं त्याच क्षणी मान फिरवली. मीही पाठ करून बसले. संध्याकाळी भांडी घासायची पाळी आमच्या दोघांची. मी घासलेलं पातेलं जमिनीवर ठेवी, लांब जाऊन उभी राही, मग तो येऊन उचली. एक पातेलं पुसायला लागायचा तेवढ्या वेळात लोकांचं आंघोळपाणी होई.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"बहीण आहे साहेब माझी," अपिसाई अदबीनं म्हणाला.

"तसं नव्हतं म्हणायचं मला!"

"मग कसं? चुलत का?"

दिलेला शब्द मागं घ्यायचा साहेबांचा स्वभाव नव्हता. केंद्रात आता नवा डुक्कर होता, त्याला खरकटं घालून ते निघून गेले.

त्या डुकरानंच आमची सोय केली. एका दुपारी मी कसावा सोलत बसले होते. अपिसाई कुंपणापाशी आला, माझ्याकडे पाठ केली आणि डुकराला म्हणाला, "डुकरा, रविवारी मला पेत्राची गोष्ट सांगायचीय. रात्रभर जाळं टाकलं, काही गावलं नाही, ती. गोष्ट पाठ आहे रे, पण उभा राहिलो की मान आपोआप खाली जाते."

मीही डुकराकडेच बघून म्हटलं, "डुकरा, त्या बांगड्याला सांग, जमत नसेल तर घरी जा. मासे वाट बघताहेत. गप्प बसला म्हणून गावानं धाडलाय, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

त्यानं मूठभर खरकटं डुकरापुढं टाकलं. मग म्हणाला, "डुकरा, तिला सांग, मी गप्प होतो कारण मला जायचंच होतं. एकदा वाऱ्यानं माझी होडी पार लांबच्या एका बेटावर नेली. चार-दोन घरं, ना पाळक, ना देऊळ. त्यांनी मला खाऊ-पिऊ घातलं. मी असतानाच त्यांचं एक लेकरू गेलं. मोठ्या गावचा माणूस म्हणून त्यांनी मलाच खड्ड्यापाशी उभं केलं. म्हणाले, दोन शब्द बोल. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि मला एक शब्द आला नाही रे, एक शब्द. शेवटी त्यांनी तशीच माती लोटली."

माझ्या हातातला कसावा खाली पडला. एवढ्यात साहेब तिथं टपकले. "काय चाललंय?"

"डुकराशी बोलतोय, साहेब."

"आणि ही?"

"तिचं मला ठाऊक नाही. बहीण आहे."

रविवारी देवळातला लाकडी ढोल वाजला. पुढं गावचे सरदार, त्यांच्यामागं पुरुष, मग आम्ही बायका चटयांवर. माझ्या शेजारी गावातली उनाइसीआजी, तोंडात दात नाही पण जिभेला धार. माझी गोष्ट आधी झाली, कशीबशी पार पडली. मग अपिसाईचं नाव पुकारलं.

तो उठला, पुढं गेला, समोर सरदार बघितले आणि त्याची मान खाली गेली. मासे ठेवून मागं सरकायच्या तयारीत असावा तसा उभा राहिला. कुणाचं तरी पोर खोकलं. नेमानीसाहेबांनी मान हलवून धीर दिला, आणि मग हळूच घड्याळाकडे बघितलं.

ते घड्याळाकडे बघणं मला सोसलं नाही. त्या आईचं तोंड, जे मी कधी पाहिलंही नव्हतं, माझ्या डोळ्यांपुढं आलं. पुढचं मी केलं की माझ्या जिभेनं, देव जाणे. मी चटईवरून उठले आणि ओरडले, "ए वाळक्या बांगड्या! मासा सुद्धा पाण्याबाहेर काढल्यावर तोंड उघडतो!"

देवळातले सगळे मागं वळले. अपिसाईची मान झटक्यात वर आली.

"आणि वामीचं तोंड पाण्यातही मिटत नाही!" तो गरजला. "नामोलीत जाऊन बघा!"

हशा उसळला. सरदारसुद्धा मांडीवर थाप मारून हसले. आणि मेला त्या हशावरच स्वार झाला. "ओढ्यात हात घालून वामी काढणाऱ्यांना जाळं काय कळणार? रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हातानं परत येणं काय असतं, ते मला विचारा. हात सोलतात. बायको काही बोलत नाही, तेच जास्त लागतं. अशा सकाळी कुणी किनाऱ्यावरून म्हणालं, पुन्हा टाक, तर मी त्याला शिवी घातली असती. पेत्रानं येशूच्या शब्दावर जाळं टाकलं, आणि ते माशांनी भरलं." मग त्यानं ते बेटही सांगितलं, तो खड्डाही सांगितला. "तेव्हा माझं जाळं रिकामं होतं," तो म्हणाला, "म्हणून भरायला आलोय." उनाइसीआजी पदर नव्हता म्हणून माझ्या बाहीला डोळे पुसत होती.

प्रार्थना झाल्यावर लोक उठायच्या आत नेमानीसाहेब उभे राहिले. त्यांचेही डोळे ओले होते, खोटं कशाला बोलू. पण म्हणाले, "अपिसाई राहील. तोरिकाबाई, सुरुवात तुमची, आणि तुम्हाला नियम माहीत होता. देवळात, प्रार्थनेच्या वेळी! उद्याच्या बोटीची तयारी करा."

मी मान डोलावली. वाईट वाटलं, पण पश्चात्ताप काही झाला नाही.

"थांबा साहेब," अपिसाई म्हणाला. भर सभेत, सरदारांसमोर, आपण होऊन. "ती चूक मला हवी."

"म्हणजे?"

"ती माझी तौवू आहे. तिचं काहीही मला घेता येतं. बाबाकाऊ घेतले, आता तिची चूक घेतो. ती आता माझी झाली. उद्या बोटीत मी बसतो."

मी तर हादरले. देवमाशाचा दात, रडणारं गाव, ते बेट, सगळं त्यानं एका वाक्यात माझ्यासाठी सोडून दिलं होतं.

"ए मूर्खा!" मी किंचाळले. "ठेव ती खाली! साहेब, त्याच्याकडे जे काही आलंय ते मी उचलते. मीही त्याची तौवू आहे. चूक परत माझी."

"मी पुन्हा घेतली."

"मी पुन्हा!"

साहेबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "अहो, याला काही शेवट आहे का?"

"नाही," उनाइसीआजी चटईवरून म्हणाली. "माझ्या आजीच्या वेळेपासून तरी नाही. साहेब, चला जेवायला. भट्टीतला डुक्कर करपतोय."

साहेब दचकले. "कुठला डुक्कर?"

"आमचा हो, आमचा!"

सोमवारी बोट आली आणि आम्हा दोघांशिवाय गेली. साहेब वर्गात आले, फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: दुसऱ्याचा अपराध आपल्या माथ्यावर घेणे. लिहून आमच्याकडे वळले, अपिसाईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फळा पुसून टाकला.

"आजचा धडा झालाय," ते म्हणाले. "जा, कसावा सोला. आणि भाऊबहीण वगैरे जे बोललो, ते मागं घेतलं."

पुढं अपिसाईनं तेच बेट मागून घेतलं. मी बायकांचे प्रार्थनावर्ग घेत गावोगाव फिरायची, पण तिकडं जायला मला काही वर्षं लागली. होडी वाळूला टेकायच्या आत त्यानं अख्ख्या बेटादेखत आरोळी ठोकली, "लपवा रे खाणं, वामखाऊ आली!" माझी पिशवी घेतली, चटई घेतली, छत्रीसुद्धा सोडली नाही. मग मला माडाखाली घेऊन गेला. लहानशी कबर होती, भोवती पांढरे शंख लावलेले.

"आल्या दिवशी पहिलं इथंच आलो," तो म्हणाला. "त्या लेकराच्या आईला शेजारी बसवलं आणि जे जे तेव्हा बोलायचं राहिलं होतं, ते सगळं बोललो. संध्याकाळ झाली तरी बोलतच होतो."

माझा बांध फुटला.

"रडतेस काय?" तो म्हणाला. "तुझं रडणं पण घेऊ का?"

"घे," मी म्हटलं.

आणि मेल्यानं खरंच घेतलं. वाळूत फतकल मारून, माझी छत्री मांडीवर धरून, माझ्या वाटचं रडत बसला.