उलट्या तोंडानं चढलेला घाट

वरंध घाटाच्या शेवटच्या वळणावर इंजिनानं दोन उचक्या दिल्या आणि प्राण सोडला. खाली कोकण, वर शर्यतीचं निशाण, मधे मी. हँडब्रेक ओढून धरला, तेव्हा शेजारी बसलेले शेठचे मेव्हणे डोळे मिटूनच म्हणाले, "पोचलो का?"

माझा धंदा शर्यतीत गाड्या चालवण्याचा. वडिलांचाही तोच. आबा एका गोऱ्या साहेबाच्या मोटारी पळवायचे. त्यात त्यांचं खांद्याचं हाड दोनदा मोडलं आणि साहेब दोन्ही वेळा गाडीला काय झालं ते आधी विचारून गेला. पुढं आबा आंबवड्याला शेतीवर परतले आणि त्यांची अक्कल वारसाहक्कानं माझ्याकडं आली. मी आधी चिखलाच्या मैदानावर मोटारसायकली पळवल्या, मग मुंबईच्या समुद्रकाठी वाळूवर गाड्या. आता घाट. हा घाट कोकणाच्या बाजूनं चढायचा आणि भोरच्या हद्दीत, माथ्यावर संपवायचा. गाड्या एकेक करून सोडायच्या; जो सर्वांत कमी वेळात चढेल तो पहिला.

गाडी पुण्याच्या शेठची. ते मोटारी विकत आणि मोटारींबद्दलचं ज्ञान फुकट वाटत. शर्यतीच्या सकाळी त्यांनी टाकीतलं निम्म्याहून जास्त पेट्रोल काढायला लावलं. गाडी हलकी हवी म्हणाले. त्या गाडीची टाकी सीटखाली असे. पंप वगैरे काही नाही. पेट्रोल पाण्यासारखं उतारानं इंजिनाकडं जायचं. गाडीनं नाक वर केलं की इंजिन टाकीपेक्षा उंच होतं, आणि टाकीत पेट्रोल कमी असेल तर ते वर चढत नाही. हे मी शेठना समजावून सांगितलं.

"तू चालव. विचार आम्ही करतो," ते म्हणाले.

विचार असा झाला की, नियमाप्रमाणं सोबत एक मेकॅनिक हवा, म्हणून आपल्या मेव्हण्यांना बसवलं. पेट्रोल काढून जे वजन वाचलं होतं, त्याच्या कितीतरी पट वजन मेव्हण्यांच्या रूपानं परत गाडीत आलं. शिवाय मी हा घाट जिंकलो नाही तर वाळूवरच्या पुढच्या शर्यतीला गाडी मेव्हणे चालवणार, हेही शेठनी हसत हसत सांगून ठेवलं होतं. म्हणजे माझी रोजी अशा माणसाकडं जाणार होती, ज्याला क्लच हा खाण्याचा पदार्थ वाटत असे.

तर गाडी बंद. आबा त्याच वळणावर आंबवड्याच्या चारदोन माणसांबरोबर उभे होते. एक मोठी गाडी आधीच वर पोचल्याचं माणसं सांगत होती. बाकीच्या गाड्या खालीच वाफा सोडत बसल्या होत्या, तेव्हा मुकाबला त्या एकीशीच होता.

आबा जवळ आले. "प्याट्रोल चढंना न्हवं?"

"व्हय."

"मग गाडीचं तोंड फिरव. मागं बघत जा. म्होरं बघन्यासारखं तसं बी काय न्हाई तुज्याकडं."

मी ब्रेक सोडत सोडत गाडी मागं, थोड्या सपाट जागेवर घेतली. पेट्रोल परत इंजिनात आलं. मेव्हण्यांनी उतरून हँडल मारलं. दिवसभरात त्यांनी केलेलं तेवढंच काम. मी गाडी फिरवली. आता नाक कोकणाकडं, शेपूट माथ्याकडं, टाकी वर, इंजिन खाली. रिव्हर्स टाकला आणि निघालो.

मान मागं वळवून, एका हातानं स्टिअरिंग धरून घाट चढणं हे काही शौर्य नव्हे. डाव्या अंगाला कठडा नव्हता, म्हणून त्या बाजूला बघायचं नाही, एवढंच पाळायचं. मला भीती वाटली. समोरच्या काचेतून सगळी दरी दिसत होती आणि मेव्हणे देवांची नावं घेत होते. एक देव त्यांनी दोनदा घेतला. चाक एकदा मऊ मातीत रुतलं, गाडी कडेला सरकली, तेव्हा तिसऱ्यांदाही घेतला.

माथ्यावर लोक हसत होते. हसू दे म्हटलं, रेषा ओलांडली की झालं. ओलांडली.

मग शर्यत भरवणाऱ्या मंडळाचे सेक्रेटरी आले. ते पेशानं वकील. त्यांना गाडी चालवता येत नसे, त्यामुळं त्यांचं डोकं शांत होतं. ते म्हणाले, "नियमात लिहिलंय, पुढची चाकं रेषेला लागतील तेव्हा वेळ धरायची."

"अहो, पण माझी मागची आधी लागली."

"मागच्या चाकांचा नियमात उल्लेख नाही."

मागची चाकं रेषेला लागली तेव्हा मी जिंकलो होतो. पुढची लागली तोवर हरलो होतो. कप मोठ्या गाडीला गेला.

आता नोकरी गेली, असं धरून मी शेठसमोर उभा राहिलो. पण ते खुशीत होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दुकानावर पाटी लावली : दोन्ही तोंडांनी घाट चढणारी मोटार. किकवी-सारोळ्याकडचे बागायतदार ती बघायला येऊ लागले. पेट्रोल काढण्याची युक्ती आपलीच, असं शेठ त्यांना सांगत. एका परीनं ते खरंही होतं. वाळूवरची शर्यत मीच चालवली, कारण मेव्हणे आजारी होते. मोटार दिसली की आजारी पडत.

पुढच्या वर्षी नियमात एक ओळ वाढली : गाडी सरळ तोंडानंच चढवावी. मी आंबवड्याला जाऊन आबांना ती वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाले, "म्या एवढी वर्सं मोटारी हाकल्या. हाडं मोडली. पर माज्यापायी कुनी नियम न्हाई केला."

त्यांना वाईट वाटलं होतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. नव्या पोरांना मी एवढंच सांगतो : घाट चढण्याआधी नियम वाचा. चढून झाल्यावर ते दुसरे लोक वाचतात.